पुलपिटावरची छत्री

शमुवेलकाका भेटले की आधी माणसाचे कान तपासतात. नमस्कार नंतर. चार पावलं मागं जातात, आवाज अगदी खाली आणतात, काहीतरी पुटपुटतात आणि विचारतात, "बराबर ऐकू आलं का?" नाही म्हटलं तर ते समोरच्याच्या कानांना दोष देत नाहीत, जागेला देतात. "रस्ताच खराब हाय, सर. देवळात चला."

देऊळ म्हणजे आमच्या जुन्या जालन्यातलं, मस्तगडापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं प्रेस्बिटेरियन चर्च. काका आयुष्यभर एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि भोंग्यावरचा विश्वास त्यातच उडाला. "भोंग्यात टेंभुर्णी म्हणलं की माणूस वाटूरच्या गाडीत जाऊन बसतो. वर माझ्याशीच भांडतो."

देवळाचा इतिहास काका फुकट सांगतात, आणि दर वेळी नवा सांगतात. तो बांधणारा स्कॉटलंडचा मिशनरी त्यांच्या तोंडी नुसता 'साहेब' असतो. साहेब कधी इंजिनिअर असतो, कधी वैद्य, एकदा तर पैलवान होता. घंटा जहाजातून आली आणि पुढं बैलगाडीतून, असं मी ऐकलं होतं. पुढच्या आठवड्यात ती निजामाच्या हत्तीवर बसलेली निघाली. मी आठवण करून दिली. काका शांतपणे म्हणाले, "अर्ध्या रस्त्यात बैल दमले, सर."

"आणि छप्पर एवढं उभं कशाला?"

"बर्फ घसरून पडावा म्हणून."

"जालन्यात?"

"साहेबाला काय माहीत? आल्यावर कळलं. पण तवर कौलं येऊन पडल्ती."

आत मात्र पाहण्यासारखं काही नाही. मूर्ती नाही, चित्र नाही, खिडक्यांना साधी काच. काळ्या दगडाच्या जाड भिंती, सागवानी बाकं, आणि समोर मधोमध उंच पुलपीट, म्हणजे पाळकाने उपदेश करायची जागा. "हे बघायचं देऊळ न्हाई, ऐकायचं हाय," असं काका म्हणतात, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्या इतिहासातलं एवढं एकच वाक्य कधी बदललेलं नाही. पुलपिटाच्या डोक्यावर लाकडाचं अष्टकोनी छत आहे. आवाज वर न जाता लोकांकडं यावा म्हणून केलेलं. चर्चची मंडळी त्याला छत्री म्हणते.

गेल्या वर्षी नवे पाळक आले. तरुण, उत्साही. त्यांना स्पीकर बसवायचे होते आणि तारांच्या आड येणारी छत्री काढून टाकायची होती. चर्चच्या कमिटीतल्या एकानं विचारलं, "काका, छत्री कशाला? पाळकसाहेबांवर काय पाऊस पडून राह्यला का?"

"शब्द वर उडून जाऊ न्हाईत म्हणून हाय ती," काका म्हणाले. "पाळकसाहेब, तुमचे उडाले तरी चालंल. साहेबाचे मोलाचे व्हते."

पाळक हसले, पण छत्री काढण्यावर अडून बसले. शेवटी काकांनीच परीक्षा सुचवली. शनिवारी चार वाजता ते माईकशिवाय, हळू आवाजात, पुलपिटावरून बायबलातलं तेविसावं स्तोत्र म्हणणार. तिसऱ्या बाकावर खांबाला लागून बसलेल्याला ऐकू आलं तर छत्री राहील, नाहीतर सोमवारी सुतार येईल. ती जागा काकांच्या पत्नीची, मार्थाकाकूंची. त्यांना दोन वर्षांपूर्वी देवाज्ञा झाली. शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं.

ऐकणारा म्हणून मला नेमलं. मी त्या मंडळीतला नाही, शेजारचा निवृत्त मराठी शिक्षक. शिवाय सहा महिन्यांपूर्वी माझी पत्नी सुमन गेल्यापासून कुठंही बसवलं तर तासन् तास गप्प बसतो, ही माझी पात्रता.

शनिवारी मी लवकर गेलो. देऊळ उघडंच होतं. खांबाआड जाऊन बसलो. तिथून पुलपीट दिसत नाही. थोड्या वेळानं पुलपिटाच्या पायऱ्या वाजल्या. काका सराव करायला आले असतील असं वाटलं.

"मार्था," कानाशी बोलावं इतक्या जवळून आवाज आला. "मेथी आणली आज. निवडली बी मीच. निम्मी काड्यांत गेली, तू असती तर बोलली असती. पोरीचा फोन आल्ता. बराबर हाय म्हणलं तिला."

पुलपिटाचं लाकूड करकरलं.

"तुला काय खोटं सांगू. घरात बोलून पाह्यलं, तिथं तू ऐकत न्हाईस. ही छत्री गेली तर मंग मी कुठून बोलू?"

मी आत आहे हे कळावं म्हणून खोकायला हवं होतं. जमलं नाही. तेवढ्यात दारात चपला वाजल्या आणि कमिटी आत आली. मी उठून उभा राहिलो. काकांनी मला पाहिलं. मला आणि मग त्या बाकाला.

"करा सुरू, काका," पाळक म्हणाले.

काकांचे ओठ हलले. स्तोत्र काही बाहेर आलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "कंट्रोलर साहेब, गाडी लागंना का?" कोणी हसलं नाही.

पाळकांनी मला विचारलं, "सर, ऐकू आलं का काही?"

"आलं."

"काय?"

"सगळं. शब्दन् शब्द. पण परीक्षा ऐकण्याची होती, सांगण्याची नाही."

पाळक तरुण असले तरी आंधळे नव्हते. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा पुलपिटाकडं पाहिलं. मग तारेचं भेंडोळं उचलून दाराकडं नेलं. "स्पीकर इकडं लावू," ते म्हणाले. "छत्री असू द्या."

काका मला सोडायला बाहेर आले. वाटेत त्यांना साहेबही आठवला नाही. फाटकाशी आल्यावर सवयीनं चार पावलं मागं गेले.

"सर, शनिवारी दुपारी देऊळ रिकामं असतंय. किल्ली माझ्याजवळ हाय." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तुमच्या सुमनबाई आमच्यातल्या न्हवत्या, बराबर. पण छत्रीला काय कळतंय."

रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता, एक टेम्पो मागं येताना पिपाणी वाजवत होता.

"ऐकू आलं का?" काकांनी विचारलं.

मी मान हलवली. जागा खराब होती, तरी आलं होतं.