दामलेकाकांची अडलेली ओळ

दामलेकाका मायनस वीसमध्ये ड्राइव्हवेवर अनवाणी उभे होते. मी दारातून ओरडले, "अहो काका, न्युमोनिया होईल!" तर म्हणे, "थांब गं, त्या फ्रेंच बाईंच्या कवितेत टाच गारठलीय. 'बधिर' म्हणू की 'सुन्न'? पाय सांगेल."

पायाने 'सुन्न' सांगितलं. वर आठवडाभर खोकला दिला.

आमच्या कनाटात, या परदेशातल्या बर्फाळ गावात, रिटायर झालेली माणसं गोल्फ खेळतात, नाहीतर व्हॉट्सॲपवर देश चालवतात. जन्म टेलिकॉममध्ये घालवलेल्या या गृहस्थांनी मात्र आजच्या एका फ्रेंच कवयित्रीचं पुस्तक मराठीत आणायला घेतलंय. त्यात सगळं अंगच अंग: गुडघे, बरगड्या, जिभा. आणि प्रत्येक शब्द स्वतःवर टेस्ट केल्याशिवाय काका लिहीत नाहीत. "नुसतं कागदावरचं स्पेसिफिकेशन वाचून भागत नाही, फील्ड टेस्ट लागते," हे त्यांचं पालुपद. बरगड्यांच्या कवितेच्या वेळी भर ग्रोसरीत मला म्हणाले, "मार गं एक कोपर." मारलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आता एकच ओळ राहिलीय आणि तिथे काका आख्खा हिवाळा अडकलेत. गोष्ट ग्रीक पुराणातली. एक गवई मेलेल्या बायकोला पाताळातून परत घेऊन निघतो. तो पुढे, ती मागे. वळून बघायचं नाही, ही अट. शेवटच्या ओळीत तो वळतो आणि ती कायमची जाते.

"आपल्या सावित्रीने नवरा आणून दाखवला. या गवयाला साधी मान सरळ ठेवता येईना!" काका चिडले. मग म्हणाले, "रविवारी ये. मी पुढे चालतो, तू मागून. दारापाशी वळेन. ओळ झाली की पुस्तक पुण्याला रवाना."

रविवारी बर्फातून आमची वरात निघाली. शेजारी दारातला बर्फ शोव्हल करायचं थांबवून बघत होते. म्हटलं, झालं, आता मलाही वेड्यात काढणार.

"जरा हळू," काका समोर बघत म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "डावा पाय ओढत चाल ना."

स्ट्रोकनंतर काकू तशाच चालायच्या. गेल्या विंटरला त्या गेल्या. मी पाय ओढू लागले. काकांची चाल त्या बेताने मंदावली.

दार आलं. काकांनी न वळताच हात मागे केला. "धर. पायरी निसरडी आहे."

मी धरला. हळूच म्हटलं, "काका, वळायचं राहिलं. ओळ..."

"राहू दे गं," ते दाराकडे बघत म्हणाले. "वळलो की तूच दिसशील."