तोतारामचं पथ्य

कार्तिकी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी तोतारामच्या पोटरीत कोयता शिरला. केळीचा घड उतरवायला त्याने घाव घातला, तो घडावर न बसता पायावर बसला. शेजारच्या वावरातला उखर्डू धावत आला आणि घाईघाईत तोच कोयता बाजूला सारायला त्याने पातं धरूनच उचलला. एका कोयत्यात दोन माणसं कापली गेली. गाडी जुंपली, दोघांना चोपड्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी टाके घातले, पट्ट्या बांधल्या आणि दोघांच्या बायकांना समोर बसवून सांगितलं, "खाण्यातलं काही सोडू नका. आवळा, पेरू, लिंबू, मेथी, हिरवं-आंबट मिळेल तेवढं द्या. नवी कातडी यायला तेच लागतं."

उखर्डूच्या यशोदाबाईने मान डोलावली. तिचा जुना खोकला याच डॉक्टरांनी बरा केला होता, त्यामुळे त्यांचा शब्द तिला प्रमाण होता. तोतारामच्या बेबाबाईने मात्र गाडीत बसल्या बसल्या निकाल दिला.

"आंबट खाईसनी जखम चिघळस. हाई डॉक्टरले कोन सांगी? आजपासून आंबट बंद, उडीद बंद, मिरची बंद. आनि वांगं तर बंदच बंद."

तोताराम पायाचं दुखणं विसरला. वांगं! आषाढी एकादशीपासून त्याने वांग्याला हात लावला नव्हता. साऱ्या गावाचाच तो नेम. चंपाषष्ठीला खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच वांगं खायचं. बाकीचे लोक चार-पाच महिने गुपचूप काढायचे, तोताराम दिवस मोजत काढायचा. आता वीस दिवस राहिले होते.

"कुंदानी माय," तो चाचरत बायकोला म्हणाला, "आनि चंपाषष्ठीले?"

"जखम भरी गयी तर खावा. नही भरी तर नही."

झालं. आता पोटरी म्हणजे तोतारामचं सर्वस्व झालं. भेटायला येणारेही रिकाम्या हाताने जात नव्हते, एकेक जिन्नस बंद करूनच जात. झुलालनानांनी गवार बंद केली. मंजुळाक्काने तीळ बंद केले. दोनच दिवसांत ताटात मुगाचं वरण, भाकरी आणि वर तुपाची धार एवढंच उरलं. तोताराम ते बघूनच अर्धा होत होता.

काम होत नव्हतं, म्हणून दोघांना केळीच्या बागेत राखणीला बसवलं होतं. दुपारी बायका आपापल्या घरून शिदोरी पाठवत. तिसऱ्या दिवशी उखर्डू शिदोरी सोडून रडवेला होऊन बसला.

"तोतारामभाऊ, मना दात बठ्ठा आंबी ग्यात रे. सकाळले आवळा, दुपारले आवळा, आनि मेथीमा बी लिंबू. हाई जेवन शे का शिक्षा?"

तोतारामने त्याच्या शिदोरीकडे पाहिलं. त्याच्या तोंडाला सुटलेलं पाणी लपेना. "उखर्डू, तुले मुगनं वरन आवडस का?"

"तूप शे का वर?"

"शे."

त्यापुढे बोलणं झालं नाही. शिदोऱ्या इकडच्या तिकडे झाल्या आणि पुढचे सोळा दिवस रोज होत राहिल्या. तोताराम आवळे मिठाला लावून खाई, पेरू बियांसकट चावी, मेथी बोटं चाटून संपवी. उखर्डू वरण-भाकर कुस्करून खाई आणि तिथेच आडवा होई. दोघांनीही घरी अवाक्षर काढलं नाही.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या. तोतारामची पोटरी गुळगुळीत भरून आली होती. उखर्डूचा तळवा अजून ओलाच होता.

"खाणं सांगितल्याप्रमाणे चाललंय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो जी," यशोदाबाई म्हणाली. "आवळ्याचं झाड ओरबाडून काढलंय मी." डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि आवळे दुप्पट करायला सांगितले.

संध्याकाळपर्यंत बेबाबाईच्या पथ्याचा गावभर डंका झाला. बायाबापड्या तोतारामची पोटरी बघायला येऊ लागल्या. बेबाबाई धोतर वर करायला लावी आणि वरून कडेकडेने बोट फिरवून दाखवी. तोताराम मुकाट्याने पाय पुढे करी, कारण त्याच्या डोळ्यांपुढे उद्याचं भरीत होतं.

दुसऱ्या दिवशी वांगी त्यानेच भाजली. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून दोन तास त्यापुढे बसला. खंडोबाला नैवेद्य झाला, पंगत बसली, उखर्डूही जोडीने आला होता. त्याच्या ताटात भरिताचा डोंगर वाढला गेला. डॉक्टरांनी काहीच वर्ज्य केलं नव्हतं ना. तोतारामच्या ताटात प्रसाद म्हणून हरभऱ्याएवढं भरीत पडलं आणि बाजूला मुगाचं वरण.

"कुंदानी माय, जखम तर भरी गयी."

"भरी गयी, पन कातडी कवळी शे. ज्या पथ्यानं भरनी ते लगेच सोडाव? आखो सव्वा महिना पाळा. बठ्ठं गाव मना तोंडकडे देखी ऱ्हायनं."

सव्वा महिना! तोतारामचा धीर सुटला. भरपंगतीत तो मोठ्याने म्हणाला, "मी पथ्य पाळंच नही. सोळा दिन उखर्डूना आवळा मी खादा. मना मूग त्याने खादा. इचार त्याले."

पंगत थांबली. सगळ्यांनी उखर्डूकडे पाहिलं. उखर्डूने यशोदाबाईकडे पाहिलं. झाडावर चढून तिचे कोपर सोलून निघाले होते. मग त्याने आपल्या ताटाकडे पाहिलं आणि घास गिळला.

"नही बा," तो म्हणाला. "भाऊ असं काय बोली ऱ्हायना?"

बेबाबाईने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. जाळापुढून उठलेल्या माणसाचं कपाळ, ते चांगलंच तापलेलं होतं.

"ताप शे," ती काळजीने म्हणाली. "तरीच बरळी ऱ्हायनात." तिने ते हरभऱ्याएवढं भरीतही परत घेतलं, वरणाची वाटी उचलली आणि चुलीवर पेज शिजत टाकायला निघाली.

"वहिनी," उखर्डू हळूच म्हणाला, "ते वरन वाया जाई. इकडे द्या."