होमचं बटण

वीज गेली तेव्हा मष्णूच्या मशीननं साखर कारखान्याचं लोखंडी कडं निम्मं कापलं होतं. दहा मिनिटांनी वीज आली आणि मशीनच्या पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत प्रश्न उमटला : होम करायचं? हो की नाही?

मष्णूनं बटणाकडं नेलेला हात मागं घेतला.

अठ्ठ्याऐंशी साल होतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आपल्या शेडमध्ये सत्याप्पा मालकांनी हे कॉम्प्युटरवर चालणारं प्लाझ्मा कटिंगचं मशीन नुकतंच आणलं होतं. ते चालवायला मष्णू पुण्याला चार दिवस शिकून आला होता. वीज गेली की मशीन आपण कुठं आहोत तेच विसरतं. मग होमचं बटण दाबायचं. लोखंड कापणारी टॉर्च टेबलाच्या कोपऱ्यात परत जाते आणि तिथून नव्यानं माप धरते. इतकं साधं. पण आज टॉर्च आणि कोपरा यांच्या मधोमध कापलेला एक तुकडा तिरपा होऊन वीतभर उभा राहिला होता.

"टॉर्च आधी वर उचलती, का आधी आडवी पळती?" फोरमन भावकूनं विचारलं.

"त्येच आठवंना, अण्णा. आडवी पळाली तर धडकून तुटंल. नवी यायला तीन म्हैनं."

"मग तुकडा काढ की."

"चालू मशीनखाली हात घालायचा न्हाय म्हणून पुण्याच्या सायबानं शपथ घातलीया."

"मेन बंद कर आणि काढ."

"बंद करून परत चालू केलं आणि त्यानं आणखी कायतरी भलतंच इचारलं म्हंजे?"

भावकूनं दोन्ही हात खिशात घातले.

मष्णूची बायको गुणाबाई हिनं सगळ्या कडोली गावात सांगून ठेवलं होतं, की आमचे हे आता कॉम्प्युटरवर असतात. टॉर्च तुटली, तर हे पुन्हा हातात गॅसची नळी धरून ठिणग्या खात बसणार. आणि कड्यासाठी कारखान्याचा ट्रक चार वाजता येणार होता.

दोघांनी पुण्याला ट्रंक कॉल लावला. तासाभरानं लागला. साहेब ओरडून म्हणाले, "होम करा हो, फक्त टॉर्च आधी..." आणि लाइन तुटली.

"आधी काय म्हणालं?" भावकूनं विचारलं.

"आधी म्हणालं."

शेवटी मष्णूनं मालकांच्या घरी फोन केला. मालक हुबळीला गेले होते. फोन त्यांच्या बायकोनं, राजाबाईंनी घेतला.

"आक्का, मशीन अडकलंय. होम करायचा का नको, तेवढं इचारायचं व्हतं."

"अरं, त्यात इचारायचं काय? करायलाच पायजे! मी आलेच."

राजाबाई रिक्षानं आल्या त्या भटजी, समिधा आणि तुपाचा डबा घेऊनच. मष्णूनं 'ह्यो होम त्यो न्हवं' म्हणून सांगायला तोंड उघडलं, तोवर भटजींनी मशीनशेजारी विटा मांडून काडेपेटी काढली होती. दोन पावलांवर गॅसच्या टाक्या उभ्या होत्या.

"स्वामी! काडी वडू नगा!" भावकूचा आवाज फाटला. सगळी शेड दाराकडं पळाली. मष्णूनं विटा उचलल्या, भावकूनं भटजींना जवळजवळ उचललं, आणि होम फाटकाबाहेर हलला. मशीन चालवणाऱ्यानंच बसायला हवं, म्हणून मष्णूला पाटावर बसवलं. धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि साडेतीन वाजले होते.

होम आटपताच राजाबाई हळदकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन मशीनकडं निघाल्या. टॉर्चला कुंकू लावायला त्या वाकल्या.

"आक्का, हात काढा!" मष्णू किंचाळला.

राजाबाई दचकल्या. नारळ सुटला, टेबलावर गडगडत गेला आणि नेमका त्या उभ्या तुकड्यावर आदळला. तुकडा खणकन आडवा झाला. वाट मोकळी झाली.

मष्णूनं सगळ्यांना मागं सारलं, घरच्या देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

टॉर्च सावकाश वर गेली. चांगली हातभर. मग आरामात कोपऱ्याकडं निघाली. तुकडा उभा असता, तरी ती त्याच्या डोक्यावरून गेली असती.

मष्णूनं भावकूकडं बघितलं. भावकू छताकडं बघत होता.

"बघितलंस?" राजाबाई म्हणाल्या. "होमाबिगर हाललं असतं व्हय?"

"न्हाय आक्का," मष्णू म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात पडद्यावर नवा हिरवा प्रश्न उमटला : थांबलो होतो तिथूनच पुढं कापू? हो की नाही?

मष्णू वाचत राहिला. भावकूनं हळूच हात पुन्हा खिशात घातले. बाहेर भटजी दक्षिणा कनवटीला लावून रिक्षात चढत होते.

मष्णू फाटकाकडं पळत सुटला.

"स्वामी! ओ स्वामी! जरा थांबा की!"