धुरळ्याची दोरी ढिली जाहली ते वर्तमान

कुलस्वामिनी जागती असो, लिहिणाराचा हात चालता असो आणि ऐकणारांचे कान शाबूत असोत. शके सतराशे तीन, प्लवनाम संवत्सरे, एका थोर दौलतीत जे अद्भुत घडले ते जैसे घडले तैसे लिहितो. दौलतीचे नाव पुसू नये. इतकेच जाणावे की टेकडीवर राजवाडा, खाली पेठ, पेठेपुढे वेस आणि वेशीपलीकडे शिलंगणाचे मैदान. आणि या सर्वांवर महाराजांचा अंमल, आणि महाराजांवर त्यांच्या वडील भगिनी आक्कासाहेब यांचा, आणि आक्कासाहेबांवर धुरळा नामे श्वानाचा. धुरळा जातीचा कारवानी, पाय लांब, कंबर बारीक, अंगात वारे भरलेले. आक्कासाहेबांचे यजमान मोहिमेत पडले आणि त्या माहेरी आल्या, तेव्हापासून देवघर आणि माजघर यांपलीकडे त्यांनी पाऊल टाकिले नव्हते, कोणाशी धड बोलणे नाही, जेवण तर चिमणीचे. मग यजमानांच्या आवडत्या कुत्रीचे पिल्लू सासरहून आले, आक्कासाहेबांनी त्यास गळपट्टा बांधिला, दोरी लाविली, आणि पिल्लाने जी ओढ घेतली ती त्यांस माजघरातून अंगणात, अंगणातून पेठेत आणि पेठेतून थेट ओढ्याकाठी घेऊन गेली. तेथे आक्कासाहेब धापा टाकीत खडकावर बसल्या आणि मोठ्याने हसल्या. ते हसणे ऐकून वाड्यातील जुनी माणसे रडली. यास्तव श्वान ओढतो ही गोष्ट कोणी मनावर घेतली नाही.

परंतु पिल्लू वाढले आणि ओढही वाढली. या दौलतीची चाल ऐसी की सणाची स्वारी पायी निघावी, वडील बहिणीने स्वारीत चालावे, आणि महाराजांच्या पावलापुढे कोणाचेही पाऊल पडू नये. पाडव्याचे दिवशी स्वारी पेठेत आली, सनया वाजत होत्या, आणि हलवायाच्या दुकानाखाली एक मांजर अंग चाटीत बसले होते. धुरळ्याने ते पाहिले. मग काय सांगावे. धुरळा पुढे, दोरी मागे, दोरीमागे आक्कासाहेब, आणि 'अरे थांब, थांब' ऐसा पुकारा करीत हुजऱ्यांची फौज त्यांचेही मागे, ऐसे सर्व मिळोन महाराजांस डाव्या अंगाने ओलांडोन पुढे निघोन गेले. शेजारच्या राज्याचा वकील पाहुणा म्हणोन आला होता, तो मिशीत हसून बोलिला, "आपल्या राज्यात पहिला मान कोणाचा, ते आज कळले." कारभारी शिवरामपंत यांचा चेहरा पगडीहून लाल जाहला.

दुसरे दिवशी भर दरबारात निवाडा जाहला जे, दसऱ्याच्या शिलंगणास श्वान महाराजांच्या पुढे न जाता वेस ओलांडील तर राहील. पुढे गेला तर सरहद्दीच्या किल्ल्यावर पहाऱ्यास रवाना करावा. दरबार उठला आणि आक्कासाहेब महाराजांस एकांती गाठून म्हणाल्या, "आप्पा, तो तिथं एकटा पडेल."

महाराज म्हणाले, "आक्का, तिथं शिपाई आहेत की."

"मग मी इथं एकटी पडेन."

महाराजांचा बहिणीवर जीव थोर, परंतु दरबारी दिलेला शब्द फिरविणे हे त्यांस जमणारे नव्हते.

मग आक्कासाहेबांनी मोहीम मांडिली. प्रथम तालमीतले दोन पैलवान नेमले, त्यांस धुरळ्याने तळ्यात नेऊन बुडविले. मग जड साखळी घातली, तो साखळीसुद्धा धावला आणि पेठेतील दगडी पायऱ्यांस चरे पडले. मग उपाशी ठेविला, तो अधिकच धावला, कारण आता खानावळही दिसू लागली. प्रत्येक वेळी सर्वांनी गळा काढून 'थांब, थांब' म्हणावे आणि मागे पळावे, आणि जितके म्हणावे तितका त्याने वेग दुणावावा. कोणी म्हणे श्वान बहिरा, कोणी म्हणे फितूर. पैलवानांनी हात टेकले, भाद्रपद सरला, आणि आक्कासाहेबांचा घास पुन्हा चिमणीचा होऊ लागला.

ऐसे असता एके दुपारी आक्कासाहेब पाटावर बसल्या होत्या, दोरी मनगटास गुंडाळलेली, आणि धुरळा पायाशी गाढ झोपलेला. गोजरा नामे जुनी दासी पानाचे तबक ठेवून निघाली, तो आक्कासाहेब सहज बोलिल्या, "थांब गं, हे घेऊन जा." हे शब्द कानी पडताच धुरळा झोपेतून उठला आणि त्याने धूम ठोकिली. पाट उलटला, तबक गरगरत गेले, आणि आक्कासाहेब उंबऱ्याशी जाऊन बसत्या जाहल्या, केसांत सुपारी आणि पदरावर चुना. गोजराची पाचावर धारण बसली. परंतु आक्कासाहेब एकाएकी हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरोन आले.

"गोजरा, अगं हा किती गुणी आहे. आपलाच हुकूम पाळतोय."

"कसला हुकूम, बाईसाहेब?"

"तो धावला की आपण थांब म्हणतो, आणि थांब म्हणत त्याच्यामागं धावतो. त्याच्या लेखी थांब म्हणजे पळ. तो ओढतो तिकडं आपण जातो, मग ओढलं की वाट चालते, हेही आपणच शिकवलं. त्याचा काय दोष?"

गोजरा विचार करून बोलिली, "मग आता थांबवायला पळ म्हणायचं का?"

"आता तोंड मिटायचं आणि पाय आवरायचे."

दुसरे दिवशी सकाळी आक्कासाहेब एकट्याच दोरी घेऊन निघाल्या. दोन पावले गेली, दोरी ताणली, आणि आक्कासाहेब जागच्या जागी उभ्या राहिल्या. धुरळ्याने ओढून पाहिले. मग उजवीकडे, मग डावीकडे. जग हलेना. त्याने वळून पाहिले, 'बाईसाहेबांस काय जाहले' ऐशा काळजीने एक पाऊल मागे आला, दोरी ढिली जाहली, आणि तत्क्षणी कनवटीचे खोबरे त्याच्या मुखी पडले आणि स्वारी चालू जाहली. पुन्हा ताण, पुन्हा उभे राहणे. पुन्हा ढील, पुन्हा खोबरे. पहिले दिवशी दरवाजापासून विहिरीपर्यंत जाता जेवणाची वेळ टळली. परंतु आक्कासाहेब परत आल्या त्या भाकरी मागून घेत, आणि ती संपवून दुसरी मागितली. मग विहिरीवरून पारापर्यंत आणि पारावरून पेठेपर्यंत मजल गेली. पेठेत कोणाच्या तोंडून तो शब्द निघू नये म्हणोन कारभाऱ्यांकडून दवंडी पिटविली जे, दसरा होईतो कोणी कोणास 'थांब' म्हणू नये. तेणेकरोन मोठी तारांबळ उडाली. पाहुणा निघाला तर 'थांब, जेवून जा' म्हणता येईना, सबब पाहुणे उपाशी गेले. आणि भांडणात 'थांब, तुला दाखवतो' म्हणता न आल्याने भांडणे अर्ध्यावर मोडली. पेठ ऐसी निवांत कधीच नव्हती.

दसरा उजाडला. नगारे झडू लागले, झेंडूच्या माळा वाऱ्यावर डोलत होत्या, आणि महाराज अबदागिरीखाली पायी निघाले, मागे कारभारी, त्यांचे शेजारी पाहुणा वकील, आणि डाव्या अंगास धुरळ्यासह आक्कासाहेब. आणि काय नवल सांगावे, दोरी ऐसी ढिली की मधला भाग भुईस लागत होता. गच्चीगच्चीवर लोकांनी तोंडात बोटे घातली. हलवायाचे दुकान आले. तेच मांजर तेथेच बसले होते. धुरळ्याचे कान उभे राहिले, अंग थरथरले, त्याने मांजराकडे पाहिले, मग आक्कासाहेबांकडे पाहिले, आणि खोबरे घेऊन पुढे चालू लागला. आक्कासाहेबांची छाती आनंदाने भरोन आली. लोकांचा गलबला महाराजांचे कानी गेला, बहिणीचा हा पराक्रम आपणही पाहावा ऐसे त्यांस वाटले, परंतु अबदागीर मध्ये येत होती, म्हणोन धरणारास म्हणाले, "थांब रे जरा, आक्कांकडे पाहू दे."

दवंडी रयतेस होती. महाराजांस कोण सांगणार.

धुरळा बाणाप्रमाणे सुटला, महाराजांस ओलांडून पुढे गेला आणि दोरी ताणली. आक्कासाहेबांच्या डोळ्यांपुढे सरहद्दीचा किल्ला उभा राहिला. तोंडाशी ओरडणे आले, पाय धावू म्हणाले. परंतु त्या उभ्या राहिल्या. त्या उभ्या म्हणोन मागील लोक उभे, नगारे बंद, महाराज उभे. सारी पेठ श्वास धरून असता धुरळ्याने मागे पाहिले, ताणलेली दोरी पाहिली, आणि तो आपण होऊन वळला, शांतपणे चालत आला, आणि आक्कासाहेबांच्या डाव्या पायाशी उभा राहिला.

शिवरामपंत पुढे होऊन बोलिले, "महाराज, पाऊल पुढे पडले. सर्वांनी पाहिले."

"पडले, पंत. आम्हीही पाहिले. परंतु आमच्या दरबारी पुढे गेलेला कोणी आपण होऊन मागे आला, हे आजवर पाहिले नव्हते."

पंत म्हणाले, "तरी शब्द तो शब्द, महाराज. वेस ओलांडेतो भरवसा कोणी धरावा?"

"आम्ही धरतो. निवाडा वेस ओलांडण्याचा होता, आणि वेस अजून पुढे आहे. आक्का, दोरी इकडे द्या."

आक्कासाहेबांनी दोरी दिली. महाराजांनी ती घेतली आणि राजे लोक चालतात तैसे झपाझप निघाले. दोरी ताणली. धुरळा रस्त्यात बसला. महाराजांनी ओढले, तो हलेना. अधिक ओढले, त्याने जांभई दिली. वकील मिशीत हसू लागला, आणि महाराजांनी गोंधळून बहिणीकडे पाहिले.

आक्कासाहेब हळू आवाजात म्हणाल्या, "आप्पा, आता आपण ओढता आहात."

महाराज उभे राहिले. मग एक पाऊल मागे आले, दोरी ढिली जाहली, आणि आक्कासाहेबांचा हात सवयीने कनवटीस गेला, खोबऱ्याचा तुकडा निघाला आणि तो महाराजांच्या तळहातावर पडला. महाराजांनी तो क्षणभर पाहिला आणि खाल्ला. मग धुरळा उठला आणि दोघे बरोबरीने चालू लागले, आणि वेशीच्या दगडावर श्वानाचे पाऊल आणि महाराजांचे पाऊल ऐसे एकदम पडले की पुढचे कोणते आणि मागचे कोणते हे पंतांस अखेरपर्यंत ठरविता आले नाही.

मैदानात महाराजांनी आपट्याचे पहिले पान बहिणीच्या हाती ठेविले आणि म्हणाले, "आक्का, कोणी कुठं जात नाही."

येणेप्रमाणे हे वर्तमान जाहले. धुरळा वाड्यावरच राहिला. आक्कासाहेब रोज सकाळी त्यास घेऊन ओढ्याकाठी जात, आणि कधी कधी संगे महाराजही जात, सावकाश.