एका चेहऱ्याचे तिघे

कारकुनाला ताप भरला, तेव्हा त्याने रिवाजाप्रमाणे थोरल्या भावाला फोन केला, "दादा, आज माझं तोंड घेऊन ऑफिसला जा." बायकोनेही रिवाजाप्रमाणे आपल्या धाकट्या भावाला तेच सांगितलं. एकमेकांना मात्र दोघांनीही काही सांगितलं नाही. संसार जुना झाला की असं होतं.

हे लोक रूप बदलणारे. तुमच्याआमच्यातच राहतात, भाजी आणतात, लिफ्ट बंद पडली की कुरकुरतात. घरात कोणी आजारी पडलं की दुसऱ्याने त्याचा चेहरा चढवून कामावर जायचं, अशी त्यांची पद्धत. फक्त एकदा चढवलेला चेहरा झोप काढल्याशिवाय बदलता येत नाही. आणि बिंग फुटलंच, तर त्यांचं मंडळ त्या कुटुंबाला गाव सोडायला लावतं. कारकुनाने अशी तीन गावं सोडली होती. या चौथ्या घरात बायकोचा जीव रमला होता. गप्पांना शेजारीण मिळाली होती, स्वयंपाकघरात ऊन येत होतं आणि "आता मला इथून हलवलंत तर याद राखा," असं तिने बजावून ठेवलं होतं.

दुपारी दादाचा फोन आला. "अरे, घोळ झालाय! मी तुझ्या खुर्चीत बसलोय आणि मीच दारातून आत आलोय!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा मेव्हणा! त्याला रेकॉर्डरूममध्ये कोंबलाय. बाहेर काढावा, तर तुझ्या साहेब मॅडम दारासमोरच ठाण मांडून बसल्यात."

"मग झोपव की त्याला तिथेच!"

"कधीचा आडवा केलाय. झोपच येत नाही म्हणतो."

ऑफिसात झोप न येणारा माणूस कारकुनाने आजवर पाहिला नव्हता.

"अहो, माझं घर!" फोनला कान लावून बसलेली बायको किंचाळली. कारकून उठला. तापात परका चेहरा अंगावर ठरत नाही, म्हणून स्वतःचंच तोंड रुमालात गुंडाळून निघाला. खिशात खोकल्याचं औषध घेतलं. त्याचे दोन चमचे पोटात गेले असते, तर घोडासुद्धा घोरला असता.

मॅडम फोनवर बोलता बोलता पाठमोऱ्या झाल्या, तेवढ्यात तो रेकॉर्डरूममध्ये शिरला. मेव्हणा फायलींच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून छताकडे बघत होता.

"भाऊजी, तुमची मान फार दुखते हो."

"गप्प! आ कर."

चमचा तोंडापाशी नेला आणि कारकुनाला शिंक आली. शिंक कसली, बारच उडाला; तोंडावरचा रुमालही सुटून पडला. धक्क्याने कपाटावरचे गठ्ठे धडाधड खाली आले. आवाज ऐकून दादा धावत आला आणि दादाच्या मागोमाग मॅडम.

तिघे भिंतीला चिकटून उभे राहिले. कारकुनाला डोळ्यांसमोर ट्रक दिसू लागला, ट्रकमध्ये सामान आणि सामानावर फुगून बसलेली बायको. मॅडमनी तिघांकडे एकेक करून पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"अगंबाई, तुम्ही तिळे?"

तिघांना काही कळेना. त्यांच्यात जन्मतः कोणाचं तोंड कोणासारखं नसतंच. रस्त्यात जुळी भावंडं दिसली, तर हे लोक आपल्यातलेच समजून हळूच मान हलवायचे.

"हो... हो ना," दादा चाचरत म्हणाला.

"मग इतके दिवस लपवून काय ठेवलंत? माझी भाची लग्नाची आहे. असाच गरीब स्वभावाचा मुलगा हवाय आम्हाला. तुमच्यात कोणी बिनलग्नाचा?"

कारकुनाने दंड धरायच्या आत मेव्हण्याचा हात वर गेला होता.

घरी बायको दारातच उभी होती. "घर वाचलं?"

"वाचलं."

"देव पावला! मग असे सुतकी का दिसताय?"

"तुझा भाऊ मुलगी बघायला निघालाय. पसंत पडली, तर जन्मभर माझंच तोंड घेऊन फिरणार. आत्तापासूनच आरशात बघून सारखा हसतोय."

"काय सांगता! हसतोय?" बायकोने लगबगीने पदर खोचला. "मग रात्री जेवायलाच बोलवा त्याला. हे तोंड हसताना कसं दिसतं, ते एकदा बघू तरी द्या मला."