देशकर काकांचा कोफुन

१२ ऑक्टोबर, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. सिएटलजवळच्या बॉथेलमध्ये पाऊस पडत होता आणि शेजारचे देशकर काका परसात छत्री धरून उभे होते. ते स्वतः नखशिखांत भिजले होते. छत्री मातीच्या घोड्यावर होती.

"काका, काय झालं?" मी कुंपणावरून विचारले.

"घोडा चालला ना बाप्पा! तीन आधीच गेले. हा शेवटचा."

घोडा ज्या टेकडीवर उभा होता, ती काकांनी स्वतः रचलेली होती. जपानमध्ये दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजांची आणि सरदारांची अशी थडगी आहेत. त्यांना कोफुन म्हणतात. वरून पाहिले तर आकार कुलपाच्या भोकासारखा : एक टोक गोल, दुसरे पसरट. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधून निवृत्त झालेल्या या नागपूरकराने हिरवळ उकरून, गोटे विकत आणून, कमरेएवढा कोफुन उभा केला होता.

काकांचा परवलीचा प्रश्न एकच : "पुरावा आहे का?" सून म्हणाली, टेकडीवर गुलाब लावू. "पुरावा आहे का?" कोणी पाहुणा समोसा खात वर चढला, तर काका ओरडत, "उतर! राजाच्या छातीवर काय करून राहिला?" राजघराण्याच्या टेकड्या जपानमध्ये खोदू देत नाहीत, हे त्यांनी जमीन पोखरणाऱ्या चिचुंद्रीलाही मराठीतून बजावले होते. डोंगरकड्यात कोरलेली गुहाथडगीही त्यांना प्रिय. त्यामुळे घराखालच्या बुटक्या पोकळीत शिरणाऱ्या प्लंबरला त्यांनी बूट काढायला लावले. पाइप गळत होता तरी.

"आत कोण आहे, काका?" असे मी एकदा विचारले होते.

"कोणी नाही," ते म्हणाले, आणि विषय गोट्यांकडे वळवला.

घोडे का विरघळले, याचे निदान मला अर्ध्या मिनिटात झाले. खऱ्या कोफुनावर मांडलेल्या घोड्या-माणसांच्या मातीच्या मूर्ती भाजलेल्या असतात. काकांनी मात्र महाराष्ट्र मंडळाच्या गणपती कार्यशाळेतून उरलेली शाडू माती आणली होती आणि घोडे नुसते उन्हात वाळवले होते. जी माती पाण्यात विरावी म्हणूनच आपण निवडतो, तिचे घोडे त्यांनी सिएटलच्या पावसात उभे केले होते. माझे काम प्रथिने कोणत्या परिस्थितीत टिकतात हे तपासण्याचे. माझ्यासमोर असा प्रयोग कोणी मांडला असता, तर मी परत पाठवला असता.

"भट्टीत भाजायला हवं," मी म्हणाले.

काकांनी खिशातून प्लास्टिकची डबी काढली. तिच्यात शाडूचा एक छोटा उंदीर होता. "मग याचं काय? याला गोल टोकावर बसवायचंय."

"कोफुनावर उंदीर? पुरावा आहे का?"

काकांनी डबी छत्रीखाली सरकवली. ते म्हणाले, "तुझ्या काकूनं केला. दरवर्षी गणपती मी करायचो, उंदीर ती. शेवटच्या वर्षी विसर्जनाच्या गडबडीत हा खिडकीतच राहून गेला. थंडीत ती गेली. अस्थी रामटेकला सोडल्या. परतताना ओसाकात विमान उतरून राहिलं होतं, अन् खिडकीतून अशी टेकडी दिसली. शहराच्या मधोमध. म्हटलं, यांच्यात माणसाला जागा राहते. आपल्यात सगळं वाहून जातं."

मी उंदीर हातात घेतला. भट्टीत गेला नाही, तर पहिल्याच आठवड्यात विरणार. गेला आणि तडकला, तर कायमचा संपणार. काकांना दोन्ही कळत होते. "नाही देत," ते म्हणाले आणि उंदीर परत मागितला.

"पुरावा आणला तर?"

मी त्याच शाडूचे उंदीर केले आणि कुंभारकामाच्या स्टुडिओत भाजायला दिले. भरीव होते ते सगळे फुटले. पोकळ होते ते सगळे वाचले. दोन्ही ढीग मी काकांच्या टेबलावर मांडले. काकूंचा उंदीर आम्ही उलटा केला. तो पोकळ होता. वाळताना तडा जाऊ नये म्हणून काकूंनी खालून अंगठा दाबला होता. आत रेषा स्पष्ट होत्या. काकांनी आपला अंगठा लावून पाहिला. तो मावला नाही.

"हुशार होती," ते म्हणाले आणि डबी माझ्यापुढे सरकवली.

उंदीर भट्टीतून विटकरी रंगाचा, किंचित आक्रसून आणि अखंड बाहेर आला. मी कॅलिपरने उंची मोजली : ४१.५ मिलिमीटर. काकांनी तो गोल टोकावर, घराकडे तोंड करून बसवला.

मग बॉथेलचा हिवाळा आला. वाऱ्याने कुंपण पाडले, चिचुंद्रीने मनाई मोडली, पसरट टोकाचे गोटे दोनदा घसरले. काका रोज चहाचे दोन कप घेऊन बाहेर येत. एक माझा, असे मी समजत असे. मी उशिरा येई, तेव्हाही दुसरा कप टेकडीच्या कडेला वाफाळत असे.

मार्चमधल्या पहिल्या कोरड्या सकाळी काका कुंपणापाशी हजर झाले. "सायंटिस्टबाई, कॅलिपर आण. डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

मी गोट्यांवर गुडघे टेकले. राजाच्या छातीवर चढल्याबद्दल कोणी ओरडले नाही. कॅलिपरचे जबडे उंदराला हलकेच लावले आणि आकडा मोठ्याने वाचला.

"पुन्हा वाच," काका म्हणाले. त्यांनी हातातली छत्री मिटलेलीच आकाशाकडे उंचावली होती, सामना जिंकल्यावर बॅट उंचावतात तशी.

मी पुन्हा वाचला : ४१.५ मिलिमीटर.