वेस्ट ऑल्डरबर्ग नगरीची हकीकत व हिरव्या जेलीची स्वारी

नगरपालिकेची आज्ञा जाहली जे, नवीन राहावयास येणाऱ्या कुटुंबांचे माहितीस्तव वेस्ट ऑल्डरबर्ग नगरीची साद्यंत हकीकत लिहावी, मुलूख कैसा, रयतेचा स्वभाव काय, हे उघड करावे. त्यावरून हा मजकूर. चित्त ठिकाणी ठेवोन वाचावा.

मिनेसोटा प्रांती वेस्ट ऑल्डरबर्ग हे मध्यम प्रतीचे उपनगर. ईस्ट ऑल्डरबर्ग कोठेही नाही, शोध बहुत केला. नगराचे मस्तकी पाण्याची टाकी बुरुजासारखी उभी, आणि तीवर नगराचे नाव मोठ्या अक्षरी, येणेकरून रयतेस आपण कोणत्या गावात आहो हे समजते, कारण जमिनीवरून पाहता हे गाव कोठे संपोन शेजारचे कोठे लागले हे कोणासही सांगता येत नाही. घरोघरी हिरवळ. शनिवारी समस्त पुरुष यंत्रे घेऊन गवतावर चालून जातात, आणि गवत पुन्हा वाढते, मग पुन्हा जातात. पायी कोणी फिरत नाही. पाय आहेत, परंतु ते ब्रेक व ॲक्सिलरेटर यांचे कामी नेमिले आहेत. रयत बहुत सभ्य. दोघे इसम एका दाराशी एकदम आले तर दोघेही बाहेरच राहतात.

ऐसियास जुलै महिन्यात ल्यूथरन चर्चच्या वनभोजनाचा दिवस उगवला. घरोघरीचे पदार्थ एका लांब मेजावर मांडावयाचे, आणि मेजाचा मध्य हे त्या नगरीचे सिंहासन. जो प्रथम येईल त्याचा पदार्थ मध्यावर, आणि एकदा ठेविलेले भांडे कोणी हलवू नये, हा शिरस्ता. ते सिंहासन बहुत वर्षे जॉइसबाई एंगेब्रेटसन यांचे खिमा-बटाट्याच्या भाजलेल्या थाळ्याने बळकाविले होते. जॉइसबाईंचे बंधू ड्वेनराव, आणि ड्वेनरावांचे कुटुंब मार्लिसबाई. नणंदेचा थाळा उठवून तेथे आपले निशाण रोवावे, हा मार्लिसबाईंचा जुना मनसुबा. त्याकरिता त्यांनी लिंबाच्या स्वादाच्या हिरव्या जेलीचा मनोरा सिद्ध केला, आत किसलेले गाजर, अननस, वर सायीचा लेप. या पदार्थास त्या प्रांती सॅलड म्हणतात, आणि कोणी हसत नाही.

मनोरा मांडीवर घेऊन बाईंनी कूच केले. सारथ्यास ड्वेनराव. मोटारीचा एसी मयत. ऊन कडक. चर्च दृष्टीस पडले, आणि मग तो चौक आला.

चौकास चारी बाजूंस थांबावयाच्या पाट्या. जो आधी येईल तो आधी जाईल, हा कायदा. परंतु ते दिवशी समोरून जॉइसबाई, उजवीकडून गॅरी वूजिक नामे गृहस्थ होडी ओढीत, आणि ड्वेनराव, ऐसे तिघे एकाच क्षणी येऊन ठाकले. आता जो प्रथम हलेल तो उद्धट ठरेल. ड्वेनरावांनी काच उतरवून हात केला.

"तू हो पुढे, जॉइस!"

"छे, तुम्हीच व्हा! मला कसली घाई?"

"गॅरी, तू तरी जा!"

"मी आपलं होडीला हवा खायला काढलंय. तुमचं होऊ दे निवांत!"

"ड्वेन," मार्लिसबाई दातांतून बोलिल्या, "आपल्याला घाई आहे. दाब पाय."

"अगं, बरं दिसतं का ते?"

मग तिघेही एकदम निघाले, आणि तिघांनीही एकदम ब्रेक दाबिले, आणि पुन्हा तिघांचे हात वर गेले. त्या धक्क्याने मनोरा हादरला, आणि गाजराच्या किसाचा एक तुकडा कड्यावरून कोसळोन बाईंच्या स्कर्टावर पडला. तळाशी हिरवे पाणी दिसो लागले. बाईंनी ते पाहिले आणि दार उघडिले.

"कुठे निघालीस?"

"चालत जाते."

"चालत?" ड्वेनरावांचा रंग उतरला. "अगं, पण कशावरून?"

प्रश्न वाजवी होता. त्या मार्गास पदपथ नाही. बाई लोकांच्या हिरवळींवरून निघाल्या, पाण्याचे फवारे चुकवीत, जेली छातीशी धरोन. हे पाहता जॉइसबाईंचे हृदय द्रवले, किंबहुना कावा ध्यानी आला, आणि त्यांनी गाडी वळवोन बाईंचे बरोबरीस आणिली.

"मार्लिस! गाडी बंद पडली का गं?"

"नाही गं, सहज."

"सहज कोण चालतं? वेड लागलंय का? बस आत."

"नको. तुला उगाच वळसा."

"वळसा कसला? तिकडेच तर चाललेय!"

"ते कळलंय मला."

येथे जॉइसबाई कैचीत सापडल्या. भरले भांडे घेऊन चालणाऱ्या भावजयीस मागे टाकोन पुढे जावे, तर गावभर अब्रू जाते. सबब त्या गोगलगायीचे चालीने मागे राहिल्या, आणि थाळा गार होत चालला. त्यांचे मागे होडीसह गॅरी, आणि पाठीमागून आलेल्या समस्त मोटारींस वाट देऊन सर्वांत शेवटी ड्वेनराव. इतक्यात कोणी पोलिसांस फोन केला की एक बाई उघड उघड चालते आहे आणि हातात हिरवे काहीतरी हलते आहे. जवान तातडीने आला.

"मॅडम, सगळं ठीक ना? कुठे सोडू?"

"चर्चला चाललेय. पण चालतच जाणार."

त्याने जेलीकडे पाहिले, मग मागील फौजेकडे पाहिले, आणि निमूट दिवे लावोन पुढे जाहला. ऐसी खासा स्वारी लाल-निळ्या दिव्यांनिशी चर्चच्या आवारात दाखल जाहली. मार्लिसबाईंनी मनोरा मेजाच्या मध्यावर ठेविला. तो एका अंगास कलला, डुलला, परंतु उभा राहिला. थाळ्यास कागदी रुमालांचे शेजारी, कडेस जागा मिळाली.

"तुझं गार झालं असेल ना गं?" मार्लिसबाईंनी बहुत गोडीने पुसिले.

"छे, गारच बरं लागतं," जॉइसबाई वदल्या, आणि जेलीचा पहिला चमचा तोंडी घातला.

"हं. वेगळंच आहे."

त्या प्रांती याहून कठोर शब्द नाही. ऐकोन पाद्रीबोवांनी नजर खाली केली. परंतु जॉइसबाईंचा चमचा पुन्हा गेला, आणि मग पुन्हा, आणि निघतेसमयी त्या भावजयीस एकीकडे घेऊन हळूच बोलिल्या, "कृती देशील का गं?"

ही शरणागती. येणेप्रमाणे हिरव्या जेलीची फत्ते जाहली, मध्य सर जाहला, ते येथे नमूद केले असे. मार्लिसबाईंनी मोठ्या मनाने तेथेच कृती सांगितली. एक जिन्नस तेवढा गाळिला.